दोन दिवसांचा गेम आणि घरच्यांची तयारी

एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. मुलगी पॉलिटेक्निकला, संगणक शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. शनिवार-रविवार अशा दोन दिवसांत कॉम्प्युटर गेम तयार करण्याची एक स्पर्धा आहे, तीत तिला भाग घ्यायचा आहे. वडील म्हणतात, गेममुळे आजवर कुणाचे भले झाले? चुलते तर 'हा ऑनलाइन जुगारच' असे सांगून मोकळे झाले. आई विचारते : यात बक्षीस काय? मुलीला परवानगी द्यावी की नाही? आणि द्यायचीच झाली तर आम्ही घरच्यांनी काय करायचे?

शेवटचा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला. तो विचारणारी आई ज्या घरात आहे त्या घरातली मुलगी अर्धी लढाई जिंकलेली आहे. पण आधी जुगाराचे पाहू, कारण घरातला विरोध तिथूनच सुरू झाला आहे.

ताई, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे. त्यांनी कित्येक संसार धुळीला मिळवले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली. तुमची लेक खेळायला बसत नाही, खेळ बनवायला बसते आहे. पतंग उडवणारा पोरगा आणि कामट्या तासून, खळ लावून पतंग बांधणारा कारागीर यांना आपण एका मापाने मोजत नाही. दीरांना एवढे सांगा. नाही पटले तर हा अंक वाचायला द्या.

आता ही स्पर्धा काय आहे ते. इंग्रजीत हिला 'गेम जॅम' म्हणतात. ठरलेल्या वेळी एक विषय जाहीर होतो. तो आधी कुणालाच ठाऊक नसतो. त्या क्षणापासून ४८ तासांत, कुठे ७२ किंवा ९६ तासांत, त्या विषयावर गेम तयार करून तो इंटरनेटवर चढवायचा. 'लुडम डेअर' ही या प्रकारातली जुनी स्पर्धा. जेफ हाउलँड यांनी ती २००२ साली सुरू केली तेव्हा मुदत २४ तासांची होती आणि स्पर्धक अवघे १८. पुढे ती ४८ तासांची झाली, एकट्याने करायचा 'कॉम्पो' आणि गटाने करायचा ७२ तासांचा 'जॅम' असे दोन विभाग पडले आणि एकेका खेपेला हजारोंनी गेम येऊ लागले. 'ग्लोबल गेम जॅम' पहिल्यांदा जानेवारी २००९ मध्ये २३ देशांतील ५३ ठिकाणी एकाच वेळी भरला. तो दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस असतो आणि आपल्या देशातही त्याची केंद्रे निघतात. मार्क ब्राऊन या इंग्रज गृहस्थांनी २०१७ पासून आपल्या यूट्यूब वाहिनीच्या नावाने 'जीएमटीके जॅम' सुरू केला, तो घरबसल्या करता येतो.

बक्षीस काय? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. इंटरनेटवर भरणाऱ्या बहुतेक स्पर्धांना प्रवेश फीही नसते. नाव नोंदवताना ते मार्क विचारत नाहीत, कॉलेज विचारत नाहीत, आडनाव पाहून कुणी वरखाली करत नाही. टोपणनावाने उतरले तरी चालते. समोर येतो तो फक्त केलेला गेम. आमच्या वाचकांना यातले मोल वेगळे समजावून सांगायला नको.

नोकरी लागेल का, असेही वडील विचारतील. त्याला आम्ही 'हो' म्हणणार नाही. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरच्या गेम कंपन्यांनी हजारो माणसे कमी केली. तेव्हा या धंद्याची सोनेरी चित्रे दाखवणाऱ्या क्लासवाल्यांपासून चार हात लांबच राहावे. मात्र तिचा एक पुरा झालेला गेम कायम तिच्या नावावर राहील, आणि उद्या कुठल्याही संगणकाच्या कामाच्या मुलाखतीत 'तू स्वतः काय केलेस' असे विचारले तर 'हा पाहा' म्हणून तो उघडून दाखवता येईल. डिप्लोमाचा प्रोजेक्ट बाजारातून विकत आणून सही घेणाऱ्यांच्या रांगेत अशी मुलगी वेगळी दिसते, हे परीक्षक मंडळी खासगीत कबूल करतात.

दोन दिवसांत होऊन होऊन काय होणार, अशी शंका असेल तर दोन उदाहरणे देतो. फिनलंडच्या आर्वी तैकारी या तरुणाने २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये 'बाबा इज यू' नावाचे कोडे ४८ तासांत केले. त्यात खेळाचे नियमच शब्दांचे ठोकळे होऊन पडद्यावर पडलेले असतात. शब्द ढकलला की नियम बदलतो. तिथे ते पहिले आले, आणि वाढवून पुरे केलेला खेळ २०१९ साली बाजारात येऊन जगभर गाजला. दुसरे उदाहरण 'सर्जन सिम्युलेटर'चे. लंडनच्या बोसा स्टुडिओमधल्या चौघांनी तो २०१३ च्या ग्लोबल गेम जॅममध्ये केला. त्या वर्षी विषय म्हणून शब्द दिलाच नव्हता, हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवला होता. अशी भाग्ये थोड्यांचीच. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे : कल्पना एकच, आणि ती शेवटाला नेलेली.

तेच आम्हाला आज सांगायचे आहे. हुशारी कमी पडली म्हणून या स्पर्धेत मुले मागे राहत नाहीत, कल्पना दोन दिवसांत मावत नाही म्हणून राहतात. रविवारी रात्री त्यांच्या हाती नऊ दालनांपैकी अडीच दालने असतात आणि गेम चढवायचा राहून जातो. म्हणून तयारी करायची ती मुख्यतः कापण्याची. ती महिनाभर आधी घरी करता येते आणि तिला पैसा लागत नाही.

जुने विषय घेऊन सराव करावा. ग्लोबल गेम जॅमचे काही विषय असे होते : २०१९ साली 'तुमच्यासाठी घर म्हणजे काय', २०२० साली 'दुरुस्ती', २०२३ साली 'मुळे', २०२५ साली 'बुडबुडा'. एक विषय घ्यावा, घड्याळ लावावे, वीस मिनिटांत वहीवर पाच कल्पना लिहाव्यात आणि पहिली खोडून टाकावी. कारण जी आपल्याला पहिल्यांदा सुचते ती जगातल्या हजार जणांना त्याच क्षणी सुचलेली असते. 'दुरुस्ती' म्हटल्यावर किती जणांनी बिघडलेले अंतराळयान काढले असेल, विचार करा.

पत्र्याच्या घरात पावसाळे काढलेल्या मुलीला मात्र दुसरे काही सुचायला हवे. समजा, एकच खोली आहे. वर पत्रा, पत्र्याला चार भोके. थेंब पडतात. खाली एक पातेले आहे, ते डाव्या-उजव्या बाणाच्या कळीने सरकवून थेंब झेलायचा. कोपऱ्यात वह्यांचा ढीग आहे. त्यावर तीन थेंब पडले की खेळ संपला. एवढ्याने झेलाझेली झाली, दुरुस्ती झाली नाही. तेव्हा आणखी एकच गोष्ट घालू : वरच्या बाणाची कळ दाबली की खेळणारा शिडीवर चढून डांबर लावून भोक बुजवतो, पण त्याला चार सेकंद लागतात आणि तेवढा वेळ पातेले बेवारशी. आता खेळात जीव आला. झेलत राहावे की वर चढावे? वह्यांवर आधीच दोन थेंब पडलेले असताना चढण्याची छाती होईल का? ज्यांनी आयुष्यात गळके छप्पर पाहिले नाही त्या नॉर्वेच्या किंवा ब्राझीलच्या पोरालाही हे एका मिनिटात कळेल, आणि त्याने असला खेळ आधी पाहिलेला नसेल. आपल्या घरातले दारिद्र्य दाखवायची लाज कशाला, असे कुणी म्हणेल तर त्याला सांगावे की आम्ही दारिद्र्य दाखवत नाही, दुरुस्ती दाखवतो आहोत.

लगेच मनात येईल, आजी पण दाखवू. वीज चमकवू. कोंबडी आत घेऊ. पाच घरे करू, पाचवे सिमेंटचे. सुरुवातीला गोष्ट सांगू. इथे लाल पेन्सिल घेऊन बसावे आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा : ही काढली तर खेळ बंद पडतो का? आजी काढली तर पडत नाही. कोंबडीही नाही. शिडी काढली तर पडतो. शिडी ठेवा. (आजीला खरोखरच्या घरात ठेवा, तिचे काम पुढे येणार आहे.)

हा गेम करायला काय काय यावे लागते तेही पाहा. कळ दाबली की चित्र सरकणे, दोन चित्रे एकमेकांना लागली हे ओळखणे, सेकंद मोजणे, आकडा पडद्यावर दाखवणे, आवाज वाजवणे, खेळ संपल्यावर पुन्हा सुरू करणे. बस्स. या सहा गोष्टी स्पर्धेच्या आधी न बघता लिहिता आल्या पाहिजेत. स्पर्धेच्या रात्री पुस्तक उघडून शिकत बसणाऱ्याची रात्र त्यातच जाते.

साधन कोणते घ्यावे यावर मुले फार वाद घालतात. आमचे मत विचाराल तर गोदो घ्यावे. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी तयार केलेले हे साधन २०१४ पासून सर्वांना खुले आहे, फुकट आहे, डाउनलोडला लहान आहे आणि साधा सपाट खेळ असेल तर जुन्या लॅपटॉपवरही चालते. शाळकरी मुलांनी एमआयटीचे स्क्रॅच घ्यावे, त्यात कमीपणा नाही. जे हातात बसले आहे ते खरे. पण स्पर्धेच्या आठवड्यात साधन बदलू नये आणि त्याची नवी आवृत्तीही उतरवून घेऊ नये.

गोदो घेणाऱ्यांना एक गोष्ट बजावून सांगतो. तयार झालेला गेम बाहेर काढण्यासाठी 'एक्स्पोर्ट टेम्प्लेट' नावाच्या फाइली लागतात. त्या मूळ साधनाबरोबर येत नाहीत, वेगळ्या उतरवाव्या लागतात आणि आकाराने त्याच्या कैक पट मोठ्या असतात. मोबाइलच्या डेटावर घर चालते त्या घरात रविवारी रात्री ही आठवण झाली तर रोजचा पॅक तिथेच संपेल आणि गेम लॅपटॉपच्या आतच राहील. कॉलेजच्या किंवा मैत्रिणीच्या वायफायवर आठवडाभर आधी त्या उतरवून ठेवाव्यात. त्यानंतर रिकामा गेम करावा, नुसता एक चौकोन सरकणारा, आणि तो ब्राउझरमध्ये चालेल असा काढून इच डॉट आयओ या संकेतस्थळावर स्वतःच्या खात्यात चढवून पाहावा. सगळ्या फाइलींची एक झिप, तिच्या आत मुख्य फाइलचे नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल, एवढे जमले की चढतो. मग वडिलांच्या फोनवर लिंक उघडून पाहावी. ही रंगीत तालीम झाली असेल तर शेवटच्या तासातली धडधड निम्म्याने कमी होते.

नियम स्वतः वाचावेत, मित्राने सांगितले म्हणून धरून चालू नये. लुडम डेअरच्या कॉम्पो विभागात एकट्याने, त्या ४८ तासांतच चित्रे, आवाज, संगीत सगळे करावे लागते आणि लिहिलेला प्रोग्रामही सर्वांना उघडा द्यावा लागतो. गटाच्या विभागात दुसऱ्यांनी मोकळी सोडलेली चित्रे वापरता येतात, पण मग चित्रकलेचे गुण मागू नयेत. एआयने काढलेली चित्रे आणि एआयने लिहिलेले प्रोग्राम याबद्दल प्रत्येक ठिकाणचा नियम निराळा आहे. कुठे मनाई, कुठे जाहीर करण्याची अट. लपवून वापरणे हे आमच्या लेखी कॉपीच आहे.

आवाजासाठी घाबरू नये. टोमास पेटर्सन नावाच्या स्पर्धकाने डिसेंबर २००७ च्या लुडम डेअरसाठी 'एसएफएक्सआर' हे इवलेसे साधन इतर स्पर्धकांना करून दिले. बटण दाबले की उडीचा, आपटल्याचा, नाणे मिळाल्याचा आवाज तयार होतो. आपल्याच प्रतिस्पर्ध्यांच्या हाती असे हत्यार देणारी स्पर्धा आम्ही दुसरी पाहिली नाही. आणि थेंबाच्या आवाजाला तर तेही नको : पातेल्यात नळाचा थेंब पाडावा आणि फोनवर टिपावा. घरातले सगळे दोन मिनिटे गप्प बसले म्हणजे झाले.

आता घरच्यांचे. ताई, त्या दोन दिवसांत मुलीला लागणारी सर्वांत महाग वस्तू म्हणजे सलग वेळ, आणि आपल्या घरांत मुलीच्या वाट्याला तो फारसा येत नाही. मुलगा अभ्यासाला बसला की रेडिओ बंद होतो; मुलगी बसली की 'जरा कुकर लाव' अशी हाक येते. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र तिने पाण्याला, भांड्यांना, पोळ्यांना हात लावायचा नाही असे आधीच सर्वांसमक्ष ठरवा. कुणी काय करायचे ते भावाच्या नावासकट लिहून काढा. पाहुण्यांना त्या रविवारी बोलावू नका. लग्नकार्य असेल तर एकाने जाऊन या. खोली एकच असेल तर टीव्ही बंद किंवा शेजारी. तेही जमत नसेल तर विहाराची किंवा वस्तीतली अभ्यासिका दोन दिवस मिळते का, हे व्यवस्थापकांना आधी विचारा. तिथे प्लग पॉइंट चालू आहे ना, तेही बघा.

झोप मात्र तोडू देऊ नका. दोन्ही रात्री निदान सहा तास. रात्रभर जागणाऱ्याला आपण शूर समजतो, पण पहाटे चारला घातलेली चूक शोधण्यात दुपारचे चार तास जातात. बारा वाजले की उठवून झोपायला पाठवायचे, हे काम आजीकडे द्या. आजीपुढे कुणाचे चालत नाही.

लाइट जाते तिथे लॅपटॉप कायम चार्जिंगला लावून ठेवावा. दर दोन तासांनी सगळे काम पेन ड्राइव्हवर नव्या नावाने उतरवावे, जुने पुसू नये. स्पर्धेची वेळ बहुधा परदेशी घड्याळाची असते. भारतीय वेळ काढून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावी, नाहीतर मुदत पहाटेची निघते आणि आपण सकाळी उठतो.

केंद्रावर जाऊन भाग घ्यायचा असेल तर वडिलांनी आयोजकांना आधी फोन करावा. रात्री हॉल उघडा असतो की बंद, महिला आयोजक कोण आहेत, रात्री घरी जाऊन सकाळी परत येता येते का, हे विचारण्यात संकोच नको. सोबत मैत्रीण असेल तर बरे. गट तिघांपेक्षा मोठा करू नये. आणि 'मी फक्त आयडिया देतो' असे म्हणणाऱ्याला प्रेमाने वगळावे.

शनिवारी दुपारी जेवायच्या आधी गेम खेळता आला पाहिजे, मग पातेले म्हणजे नुसता निळा चौकोन आणि थेंब म्हणजे पांढरा ठिपका असला तरी हरकत नाही. तो धाकट्या भावाच्या हाती द्यावा आणि तोंड बंद ठेवावे. हे फार अवघड जाते. 'अरे वर चढ ना' असे म्हणावेसे वाटते. म्हणू नये. त्याला शिडी दिसलीच नाही तर शिडी चुकीच्या जागी आहे. चित्रे, रंग, आवाज शनिवारी संध्याकाळपासून. रविवारी दुपारनंतर नवे काही घालायचे नाही. फक्त मोडलेले जोडायचे आणि मुदतीच्या दोन-तीन तास आधी एकदा चढवून ठेवायचे. नंतर सुधारणा झाली तर पुन्हा चढवता येते.

गेम चढला म्हणजे काम संपले असे नाही. या स्पर्धांत गुण परीक्षक देत नाहीत, स्पर्धकच एकमेकांचे गेम खेळून देतात. लुडम डेअरमध्ये निदान २० जणांनी गुण दिले तरच गेमला क्रमांक मिळत आला आहे. तेव्हा पुढचे आठ-पंधरा दिवस तिने रोज चार-पाच जणांचे गेम खेळावेत आणि प्रत्येकाला काय आवडले, कुठे अडले ते लिहावे. ज्याचा गेम आपण खेळतो तो बहुधा आपलाही खेळतो. इंग्रजीची धास्ती नको. साधी तीन वाक्ये पुरतात आणि निम्मे स्पर्धक आपल्यासारखेच परक्या भाषेत लिहीत असतात. कुणी तिरकस बोलले तर त्यातले कामाचे तेवढे वहीत उतरवावे, बाकीचे सोडावे. क्रमांक आठशेवा आला तर वडिलांनी त्यावर विनोद करू नये. तिथे येण्यासाठी गेम पुरा करावा लागतो आणि नाव नोंदवून तो पुरा न करणारे पुष्कळ असतात.

तेव्हा ताई, परवानगी द्या. तारीख कळली की आधीचा एक शनिवार-रविवार घरातच तालीम करा, त्यात कुणाला काय जड जाते ते समजेल. आणि तिचा गेम चढला की त्याची लिंक आमच्याकडे अवश्य पाठवा. फक्त ब्राउझरमध्ये चालेल असा काढायला सांगा. आमच्या कार्यालयातला संगणक बराच जुना आहे, त्याच्यावर दुसरे काही उघडत नाही.